बंद मशीनचा करंट

पडद्यावर नायिकेचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

आधी लोक हसले. कुणीतरी बायकी आवाज काढून तिचे संवाद म्हणू लागला. मग शिट्ट्या झाल्या, आणि पहिला दगड मशीनच्या खोलीच्या पत्र्यावर येऊन आदळला.

"आवाज खंय गेलो रे?"

कुणकेश्वरच्या जत्रेतल्या तंबूतला हा दिवेलागणीचा खेळ. ऑपरेटर बाबलीने प्रोजेक्टर थांबवला. अंधार झाला तसा गलका वाढला. बाबलीने अँप्लिफायरचा प्लग उपटला, ते आवाजाचं मशीन बाकावर उलटं केलं आणि खालचा पत्रा काढला. तोवर तिकिटाची खिडकी बंद करून तुळसा कंदील घेऊन आत आली होती. ती तंबूच्या मालकाची, भाईची बायको.

"वयनी, कंदील हयसर धरा."

तिने धरला. प्लग काढण्याआधी मशीनमधले काचेचे दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, सगळे नीट पेटलेले बाबलीने पाहिले होते. म्हणजे दिवा गेला नव्हता. तार कुठेतरी तुटली होती. तो वाकून एकेक सांधा डोळ्यांनीच तपासू लागला. अजून त्याने आत बोट घातलं नव्हतं.

कनात बाजूला सारून भाई आत शिरला. त्याच्या कपाळावर खोक पडली होती, दगड लागला असावा. त्याने काही विचारलं नाही. हातातली लांब बॅटरी सरळ बाबलीच्या कानशिलावर हाणली. बाबली बाकावर आपटला, पण मशीनला लागू न देता सावरला.

"तंबू पेटवतले ते! काय केलंस माझ्या मशीनचा?"

"तार तुटली दिसता. आता जोडतंय. तुमी हात घालू नकात, भाई. प्लग काढलंय तरी आत करंट ऱ्हवता."

"माका शिकवतंस?" भाईने त्याची गचांडी धरली. "मशीन ट्रकात नीट बांधूक होया होता तुका."

"त्येणा बांधल्यान होता," तुळसा म्हणाली. "तळेऱ्याक उतरयताना ही पेटी तुमीच खाली आपटलात."

भाईने बाबलीला सोडलं आणि वळून तिच्या तोंडावर उलटा हात मारला. तिचं डोकं मागच्या बांबूवर आदळलं. ओठ फुटला. कंदील तिने सोडला नाही. भाईने दुसऱ्यांदा मारलं, तेव्हाही नाही. बाहेर "पेटवा रे, पेटवा!" अशी आरोळी उठली. कनातीचा दोर कुणीतरी तोडला आणि एक बाजू सपकन खाली आली.

"सरा!" भाई ओरडला. "तुमच्यान काय होणा नाय. मीच बघतंय."

त्याने बाबलीला कोपराने ढकललं आणि मशीनवर ओणवा झाला. उजवा हात पुढे गेला.

एक शब्द ओरडायला पुरेल एवढा वेळ होता. बाबलीचं तोंड उघडलंही. त्याने तुळसाकडे पाहिलं. गेल्या वर्षी देवगडच्या तंबूत याच बंद मशीनने बाबलीला उचलून फेकलं होतं, आणि त्याच्या तोंडात पाणी तुळसानेच घातलं होतं. तिला सगळं ठाऊक होतं. ती भाईच्या हाताकडे बघत होती. कंदील तिने थोडा वर धरला, जणू त्याला नीट दिसावं म्हणून.

बाबलीने तोंड मिटलं.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. भाईच्या घशातून जनावरासारखा हुंकार निघाला आणि तो मागे फेकला गेला. फिल्मचे डबे घेऊन तो खाली कोसळला. टाचा जमिनीवर थडथडल्या. मग तो निपचित पडला.

बाबली धावला. छातीला कान लावला. "जिते आसत," तो म्हणाला.

तुळसाने पदराने तोंड पुसलं. ती भाईला ओलांडून बाकापाशी आली.

"जोड, बाबली. भायर ते थांबूचे नाय."

बाबलीने स्क्रूड्रायव्हर आत टेकवून उरलासुरला करंट काढला. बारीकशी ठिणगी उडाली. मग आत बोट घालून त्याने तुटलेली तार शोधली. चहाच्या स्टोव्हवर सळई तापवली आणि तारेला कथलाचा डाग दिला. दगड पत्र्यावर पडतच होते. एक दगड आत येऊन तुळसाच्या पायाशी थांबला. ती हलली नाही. बाबलीने प्लग लावला, प्रोजेक्टर सुरू केला. कर्ण्यातून आधी खरखर आली, आणि मग एकदम, मध्येच कुठूनतरी, गाणं सुरू झालं.

बाहेरचा आरडाओरडा ओसरत गेला. कुणीतरी टाळी वाजवली. माणसं पुन्हा वाळूवर बसू लागली.

भाई कुशीवर वळला, रेटत रेटत कनातीला टेकून बसला. उजवा हात त्याने पोटाशी घट्ट धरला होता. बोटं काळी पडली होती, आणि ती त्याच्या मनाविरुद्ध थरथरत होती.

"माझो हात आत जाताना," तो म्हणाला, "तुका दिसलो मा?"

"दिसलो," तुळसा म्हणाली.

बाबलीने मान वळवून रिळावर नजर खिळवली.

कंदील धरून धरून तुळसाचा हात भरून आला होता. भाईच्या डोक्यावरच्या बांबूला एक खिळा होता. कंदील तिथे लावायला तिने हात वर केला, तेव्हा भाईने डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली.