तारेपलीकडच्या चपात्या

काँगोतल्या शांतिसेनेच्या जुन्या लष्करी तळाच्या फाटकाशी गावातल्या एका म्हातारीने लांगरी धुरीला कडकडून मिठी मारली, तेव्हा सुभेदार राऊळांच्या छातीवरची पदकं उन्हात नुसतीच चमकत राहिली. वीस वर्षांनी परत आलेल्या दोघा निवृत्त फौजींपैकी गाव ओळखत होतं ते फक्त स्वयंपाक्याला!

बघता बघता बायका जमल्या. कुणी धुरीच्या हातात केळी कोंबली, कुणी नातवंडं त्याच्या पाया पडायला लावावीत तशी पुढे ढकलली. राऊळांचा जळफळाट झाला. तळ राखला आम्ही, आणि मान या चपात्या लाटणाऱ्याला? याच धुरीला काटेरी तारेखालून गावच्या उपाशी पोरांना चपात्या देताना त्यांनी पकडलं होतं, पाठीवर वजन लादून आठवडाभर मैदानात पळवलं होतं.

धुरीने राऊळांकडे बोट दाखवत मोडक्यातोडक्या स्वाहिलीत काहीतरी सांगितलं. म्हातारी वळली आणि राऊळांच्या गळ्यात पडून रडू लागली.

“काय सांगितलंस रे हिला?”

“चपात्या तुम्हीच पाठवत होतात म्हटलं, साहेब. मी आपला पोचवणारा.”

म्हातारीने मिठी आणखी आवळली. खरं काय ते सांगायला राऊळांनी तोंड उघडलं. पण तिची भाषासुद्धा धुरीलाच येत होती.