रावसाहेबांचा मालक

बायकोला परदेशात नोकरी लागली. तिचा व्हिसा आला, रावसाहेब नावाच्या कुत्र्याचा परवानाही आला; नवऱ्याचा तेवढा अडकला. लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून फोटो मागितले होते. फोटो काढायची हौस नवऱ्यालाच, त्यामुळे प्रत्येक फोटोत बायको आणि रावसाहेब. व्हिसा कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी अल्बम चाळून विचारलं, “यात तुम्ही कुठे आहात?”

बायको रावसाहेबांना घेऊन गेली, सोबत नवऱ्याची उशीही. व्हिडिओ कॉलवर रावसाहेब त्याच्या उशीवर पसरलेले दिसले, की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“आधी त्याला खाली उतरव!”

“अरे, मुक्या जनावरावर काय जळतोस?”

आणि एक दिवस तिचा फोन आला. “व्हिसा मंजूर! गुरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, रावसाहेबांनी तुझ्यावाचून अन्न सोडलंय, तुझी उशीसुद्धा सोडत नाहीत. व्हिसाचे साहेब म्हणाले, हे नातं खरं वाटतं.”

नवऱ्यानं विचारलं, “आणि तू गं?”

तोंडातला घास गिळून ती म्हणाली, “मला इकडचं पाणी मानवलंय.”