खळीचा वास

डॉक्टरांनी आईची छाती तपासली आणि औषध लिहिण्याआधी एवढंच विचारलं, "घरात कुठे ओल आहे का?" आईने ठामपणे नाही म्हणून सांगितलं. लेकीने मात्र घरी पोहोचताच, पर्ससुद्धा खाली न ठेवता, बाबांच्या खोलीचं दार उघडलं.

बाबा पुस्तकं बांधायचे. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण खोली होती तशीच होती. पुठ्ठ्यांची चळत, दोऱ्याची रिळं, खळीचं पातेलं. आई रोज दुपारी इथे तासभर बसायची, खिडकी घट्ट लावून. वारा शिरला तर वास जाईल, ही धास्ती. खळीचा, कापडाचा, त्यांच्या हातांचा वास.

"आई, जरा हात लाव."

दोघींनी मिळून कपाट पुढे ओढलं. मागची भिंत कमरेपर्यंत काळी पडली होती. पलीकडच्या न्हाणीघराचा पाइप आतल्या आत झिरपत असणार. बुरशी कपाटाच्या फळ्यांवरून आत शिरली होती. बाबांच्या हातून शिवायची राहिलेली शेवटची वही हिरवट लव धरून बसली होती.

आईने वही उचलून नाकाशी नेली.

"नको, आई. तुझा खोकला यातूनच येतोय."

"अगं, हा ह्यांचा वास आहे."

आई वाकून भिंतीजवळ गेली, मग पुन्हा वहीजवळ. दोन्हीकडे एकच वास होता. ती बराच वेळ वही हातात घेऊन उभी राहिली. बाबा रोज सकाळी ताजी खळ शिजवायचे, कालची उरलेली न चुकता फेकून द्यायचे, ते तिला आठवलं. तिने वही कचऱ्याच्या पिशवीत ठेवली. टाकली नाही, ठेवली.

मग तोंडाला रुमाल बांधला. "प्लंबरला बोलाव आधी. आणि फडकं ओलं कर, कोरड्याने उडेल ते सगळं."

खिडकी फुगून बसली होती. दोघींनी खांदे लावले तेव्हा कुठे ती करकरत उघडली. उजेड आला, रस्त्यावरचा आवाज आला. आई चौकटीला धरून दम खात राहिली.

"धूळ येते म्हणून मी लावायची आणि हे उघडायचे," ती म्हणाली. "रोजचं भांडण आमचं. दीड वर्ष झालं, भांडायलाच कुणी नव्हतं."