स्तामातिया

सासू सकाळपासून गोड बोलत होती, तेव्हाच वासोच्या मनात पाल चुकचुकली.

आता चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या कुंडाशी सासू धर्ममातेच्या अगदी कानाला लागली होती. धर्ममाता एव्हान्थिया. तिच्या कडेवर वासोची लेक, अजून बिननावाची. नाव धर्ममातेनं उच्चारायचं. एकदा तेल लागलं की ते जन्माला चिकटलं.

'दानाई' सांग, अशी वासोनं तिला परवाच गळ घातली होती. पण एपिरसच्या डोंगरात रीत एकच : पहिली मुलगी बापाच्या आईच्या नावाची.

"नाव?" पाद्र्यानं विचारलं.

सासूचं नाव स्तामातिया. ग्रीकमध्ये अर्थ 'थांब'. पाचवीही मुलगीच झाली म्हणून बापानं ठेवलेलं. आता मुली थांबू देत. थांबल्याही. पुढच्या खेपेला मुलगा झाला, मेंढा कापला. गाव अजून हा किस्सा हसत सांगतं.

"थिमिओ, आईचंच ठेव लेका!" मागून कुणीतरी वासोच्या नवऱ्याला टोमणा हाणला. "पुढच्या वर्षी मेंढा खाऊ!"

हशा.

सासूही हसली. का हसली? वासोनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. कशी साळसूद!

"अगं, नाव?"

एव्हान्थियानं वासोकडे पाहिलं. मग सासूकडे. मग मागे जमलेल्या गावाकडे.

"स्तामातिया."

पाणी. तेल. लेकीचं रडणं.

विधी आटोपताच वासोनं सासूला खांबाआड गाठलं. "झालं ना मनासारखं, आई? काय भरवलंत तिच्या कानात?"

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काहीही ठेव म्हटलं होतं गं," ती म्हणाली. "फक्त हे नको."

तेवढ्यात ओल्या पोरीला घेऊन एव्हान्थिया आलीच, फुललेली. "नको नको म्हणत होतात, मावशी! पण तुमच्या मनातलं मला कळत नाही होय? आणि वासो, तू रुसू नकोस हं. रीत ती रीत."

बायकांची रांग लागली. "नाव राहिलं हो तुझं, स्तामातिया!" "नशीबवान गं बाई!"

म्हातारी एकेकीच्या मुक्यासाठी गाल पुढे करत राहिली. हातानं मात्र तिनं वासोचं मनगट धरलं होतं, घट्ट.