आमटीतले मीठ

मुलाने पाठवलेला घरकामाचा रोबो आपल्या चुगल्या करतो, असा अनसूयाबाईंना संशय होता. खात्री करायला त्यांनी आज आमटीत मुद्दाम मीठ घातले नाही. रोबोने पळी बुडवून पाहिली, गुपचूप मीठ टाकले.

ताट वाढेपर्यंत मुलाचा फोन आला. "आई, आज मीठ विसरलीस?"

"सापडला मेला! दिगू, मी मुद्दाम घातलं नव्हतं. तुझा हेर पकडायला."

"मागे गॅस, परवा दार, आज मीठ. आता एकटी राहू नकोस. रविवारी न्यायला येतो."

"अरे, मुद्दाम म्हणते ना!"

"विसरणारी माणसं असंच म्हणतात, आई."

त्या वळल्या. रोबो त्यांची लुगडी घड्या घालून बॅगेत भरत होता.