टायरमधली हवा
“सस्पेन्शन गेलंय, स्टिअरिंगही बदलावं लागेल,” सौदीतल्या हाइल शहरातला गॅरेजवाला म्हणाला, तसं अनूदचं डोकं फिरलं. “रस्त्यावर एसयूव्ही हेलकावते, एवढंच सांगितलं मी! बाई बघून गंडवताय होय?” चिडून ती चाकाशी वाकली. चारही टायर खालून पसरले होते. वाळूत गाडी रुतू नये म्हणून बाबा टायरमधली हवा सोडत आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा भरत. तोवर कुणाला कहव्याचा घोटही घेऊ देत नसत. “नुसती हवा कमी आहे, आणि म्हणे सस्पेन्शन!” गॅरेजवाल्याने मान खाली घातली. तोऱ्यातच ती गाडीत बसलेल्या बाबांकडे आली. “बाबा, काल वाळवंटातून येताना हवा भरायला विसरलात की!” हातातलं हवेचा दाब मोजायचं गेज कुरवाळत बाबांनी विचारलं, “काल कुठं गेलो होतो आपण?” अनूद गॅरेजवाल्याकडे वळली. “पुन्हा नीट बघा ना हो, गाडीतच काहीतरी बिघडलं असेल.”