आमेनपर्यंत

प्रार्थनेचा शंख वाजला तसा रोपातीने समुद्राकडचा पडदा स्वतःच्या हाताने वर गुंडाळला. बेटावरच्या इतर घरांसारख्या याही घराला भिंती नव्हत्या. खांबांच्या मधे विणलेले पडदे तेवढे. एरवी संध्याकाळच्या प्रार्थनेला त्या बाजूचे पडदे खाली असत. पण आज पाहुणे आले होते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिसावं अशी रोपातीची इच्छा होती.

पाहुणे म्हणजे फिलिपो आणि त्याची बायको उला. उलाला सातवा महिना लागला होता. पाळकांनीच त्यांना धाडलं होतं. "लेकरं देवाच्या वाटेवर कशी वाढवायची ते रोपातीकडे जाऊन बघा," असं ते चर्चमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले होते. तेव्हापासून रोपातीची मान जरा ताठच होती.

रोपातीच्या बायकोने, मेलेने, दोन वर्षांच्या एलियाला मांडीवर घेतलं.

"खाली ठेव त्याला," रोपाती म्हणाला. "मांडी दूध पिण्यापुरती. प्रार्थनेला ज्याची त्याची चटई."

मेलेने नवऱ्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं आणि पोराला लोसाशेजारच्या चटईवर बसवलं. लोसा आठ वर्षांची. तिने त्याचे हात जोडून दिले.

"दादा, इतकं लहान पोर गप्प बसतं?" उलाने विचारलं.

"सवय लावली की बसतं. आमच्याकडे शंखापासून आमेनपर्यंत कुणी डोळे उघडत नाही की तोंड उघडत नाही. छप्पर पेटलं तरी. काय गं लोसा?"

"हो बाबा," लोसा म्हणाली.

गेल्याच आठवड्यात प्रार्थना चालू असताना कोंबडी ताटात शिरली होती आणि लोसा म्हणाली होती, "बाबा, कोंबडी." एवढंच. आमेन झाल्यावर रोपातीने नारळाच्या हिरांची झाडणी घेतली. तिच्या पोटऱ्यांवरचे वळ अजून पुरते गेले नव्हते. मारल्यावर त्याने तिला जवळ घेऊन गोंजारलंही होतं. माणूस दुष्ट नव्हता. पोरं वाया जाऊ नयेत एवढंच त्याला वाटे, आणि त्यासाठी दुसरी रीत त्याला कुणी शिकवली नव्हती.

सगळ्यांनी डोळे मिटले. पलीकडे रस्त्यावर गावची तरणी पोरं पहाऱ्याला उभी होती. शंख झाला की बाहेर हिंडायची कुणाला मुभा नाही. समुद्राच्या बाजूला पहारा नव्हता. भरती आली होती आणि घरालगतच्या बांधाच्या पायऱ्यांवर पाणी चुबुक चुबुक वाजत होतं.

रोपातीची प्रार्थना तशी लांबच. एकवेळ बोट वेळेवर येईल, पण रोपातीचं आमेन येणार नाही, अशी गावात थट्टा चाले. आज तर त्याला भरतंच आलं. त्याने मासळीबद्दल आभार मानले, पाळकांबद्दल मानले, ऑकलंडला कामाला गेलेल्या भावांचं क्षेम मागितलं.

चटईच्या कडेशी काहीतरी सरकलं. मग घराभोवतीच्या खड्यांवर कर्र असा आवाज झाला. लोसाने डोळे न उघडता हात बाजूला नेऊन चाचपलं. शेजारची चटई रिकामी होती आणि अजून गरम होती.

खडे पुन्हा वाजले, थोडे लांब. बारक्या पावलांचा आवाज होता तो. पाण्याकडे चालला होता.

रोपाती आता पाहुण्यांच्या होणाऱ्या बाळासाठी प्रार्थना करत होता. उलाला राहवलं नाही. तिने चोरून एक डोळा किलकिला केला. समोर लोसा बसली होती, पाठ ताठ, डोळे गच्च मिटलेले. तिचे ओठ भराभर हलत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. एवढ्याशा पोरीची केवढी ही भक्ती, असं उलाला वाटलं. आपल्याच चोरटेपणाची लाज वाटून तिने घाईने डोळा मिटला.

"आणि माझी लेकरं," रोपाती म्हणाला, "लोसा आणि धाकटा एलिया, तुझ्या हाती सोपवतो. त्यांची पावलं तूच सांभाळ."

खडे वाजायचे थांबले होते.

त्यानंतरही तो बराच वेळ बोलत राहिला. पाहुण्यांसमोर आखडतं घेणं त्याच्या जिवावर आलं.

"आमेन."

"एलिया," लोसा किंचाळली आणि आईच्याही आधी धावत सुटली.

फिलिपोने त्याला बांधाशी, पायऱ्यांखालच्या पाण्यातून काढलं. मेलेने त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात वारा फुंकला. काही उपयोग झाला नाही. तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला दारासमोर, घरच्या माणसांच्या थडग्यांशेजारी पुरलं. सगळा गाव आला. देवाने दिलं, देवाने नेलं, असं सगळे म्हणाले, आणि रोपातीनेही मान हलवली.

त्या संध्याकाळी पुन्हा शंख वाजला. मेलेने उठून समुद्राकडचा पडदा खाली सोडला. रोपाती आपल्या जागी बसला. डोळे मात्र त्याने मिटले नाहीत. समोर लोसा हात जोडून, डोळे मिटून बसली होती.

"लोसा," तो म्हणाला, "तो उठून गेला ते तुला कळलं होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली. डोळे उघडले नाहीत.

"मग तू काय करत होतीस गं?"

"प्रार्थना, बाबा."

"कसली?"

"देवाला म्हणत होते, बाबांना लवकर आमेन म्हणायला लाव."